इंजिन घेतलंत, आता दोन सकाळी आम्हाला द्या

ग्राहक बंधू-भगिनींनो,

आमच्याकडून आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बसवायचं आणि पाण्यात पंखा फिरवणारं इंजिन, नेणारे बहुतेक जण कृष्णाकाठचे शेतकरी, नाहीतर हिडकल धरणाच्या पाण्यात जाळी टाकणारे. वल्हं मारण्यात तुमचा हात कोण धरणार? पण पंख्याची बोट वेगळी चालते. म्हणून प्रत्येक इंजिनामागे दोन सकाळी आम्ही पाण्यावर शिकवतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

पहिली सकाळ थांबायला शिकण्याची. बोटीला ब्रेक नसतो. न्यूट्रल टाकलं तरी ती पुढे सरकत राहते, आणि माणसं भरली की आणखी लांब जाते. पाण्यात रिकामा कॅन सोडायचा आणि त्याला धक्का न लावता शेजारी बोट उभी करायची, हे हातात बसेपर्यंत करून घेतो. काठाला लागताना तोंड धारेच्या उलट ठेवा, मग धारच बोट अडवते.

मोटरसायकलची सवय इथे आड येते. हँडल उजवीकडे ढकललं की बोट डावीकडे वळते, आणि वळताना तिची मागची बाजू बाहेर फेकली जाते. काठावरून घाईत निघालात तर तीच बाजू उपशाच्या पाइपावर आदळते.

इंजिनाबरोबर लाल, पिळाची दोरी मिळते. तिचं एक टोक इंजिनाच्या बटणात, दुसरं मनगटाला. चालवणारा पडला की बटण सुटतं, इंजिन बंद होतं. आमचाच मेकॅनिक एकदा ती न अडकवता पडला. रिकामी बोट त्याच्याभोवती गोल फिरत राहिली आणि पंखा दोनदा त्याच्या खांद्याजवळून गेला. तेव्हापासून दोरी मनगटात दिसल्याशिवाय आम्ही इंजिनाला हात लावू देत नाही.

दुसरं कोणी पडलं तर ज्या बाजूला पडलं त्याच बाजूला बोटीचं तोंड वळवा, म्हणजे पंखा लांब जातो. मग धारेविरुद्ध हळू या, इंजिन बंद करा आणि कडेने वर घ्या. पंख्याच्या बाजूने कधीच नाही.

इंजिन सुरू होताच मागून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. गाळाने ती थांबली तर लगेच बंद करा. जलपर्णी अडकली तर आधी इंजिन बंद, दोरी काढलेली, मगच पंख्याला हात. पेट्रोलचे तीन वाटे धरा: जायला एक, यायला एक, तिसरा राखीव.

हिडकलला उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर वर येतं. त्याआधीचे दिवस जास्त धोक्याचे, कारण भिंती वीतभर पाण्याखाली असतात आणि वरून दिसत नाहीत. तिथे चालण्याच्या वेगानेच जा.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण सगळ्यांनी पाहिला. दोन सकाळच्या शिक्षणावर पुरात बोट घालू नका. ते काम बचाव पथकाचं.

शिकायला जो हँडल धरणार त्यालाच पाठवा, मालक आला नाही तरी चालेल. लाइफ जॅकेट त्याच्या मापाचं आणा. सैल असलं तर पाण्यात ते वर सरकून तोंडावर येतं.