जबड्याची ताकद आणि त्याचा ब्रेक

कानाच्या पाळीखाली जिथे जबडा वळतो, त्याच्या जरा पुढे गालावर बोटं ठेवा आणि दाढा आवळा. बोटांखाली टणक उंचवटा येईल. हा मॅसेटर नावाचा स्नायू. कानशिलावर हात ठेवून पुन्हा दाढा आवळल्या की तिथे टेम्पोरॅलिस हलताना कळतो. तिसरा, मिडियल टेरिगॉइड, जबड्याच्या आतल्या बाजूला असल्यामुळे असा हाताला लागत नाही. तोंड मिटण्याचं काम मुख्यतः या तिघांचं. त्यातल्या मॅसेटरचा एक खोलवरचा थर स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये वेगळा ओळखून दाखवला. शतकानुशतकं विच्छेदन होत आलेल्या स्नायूत अजून नवं काही सापडतं, याचा मला मनापासून आनंद होतो.

तोंड उघडायला एवढी ताकद लागत नाही. हनुवटीखालचे छोटे स्नायू जबडा खाली ओढतात आणि लॅटरल टेरिगॉइड हा स्नायू जबड्याचं वरचं टोक पुढे खेचतो. कानाच्या अगदी पुढे बोट टेकवून सावकाश तोंड उघडा. आधी सांधा जागच्या जागी फिरतो, मग हाडाचं टोक पुढे घसरतं आणि बोटाखाली खळगा जाणवतो. आता जिभेचं टोक टाळूला मागे लावून उघडून पाहा. हे घसरणं बरंचसं अडतं आणि तोंड थोडंच उघडतं.

सांधे दोन असले तरी हाड एकच आहे. त्यामुळे जबडा उजवीकडे न्यायचा तर मुख्य ओढ डावीकडच्या लॅटरल टेरिगॉइडची असते. उजव्या दाढांनी चावताना डावी बाजू स्वस्थ बसलेली नसते.

मला सगळ्यात थक्क करतो तो या यंत्रणेचा ब्रेक. धडधाकट माणसाच्या दाढांमध्ये 500 न्यूटन किंवा त्याहूनही जास्त जोर येऊ शकतो, म्हणजे साधारण 50 किलोंचा भार. अशा जोराने चावताना मऊ घासात खडा आला तर दात फुटायला हवा. बहुतेक वेळा तो वाचतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो आणि त्यातल्या संवेदकांना दाबातला बारीकसा फरकही कळतो. हा संदेश पाचव्या मस्तिष्क चेतेतून मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूच्या मज्जारज्जूला जोडलेल्या खालच्या भागात, पोचतो आणि मिटणारे स्नायू तिथल्या तिथे ढिले पडतात. ‘खडा लागला’ हे आपल्या ध्यानात येईपर्यंत हे घडून गेलेलं असतं. कडक पदार्थ दाताखाली कट्कन तुटतो तेव्हाही असाच ब्रेक लागतो, म्हणून खालचे दात वरच्यांवर जोरात आदळत नाहीत.

या यंत्रणेत एक अपवादही आहे. शरीरभरच्या संवेदी चेतापेशी मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर गाठींमध्ये असतात. मिटणाऱ्या स्नायूंचा ताण मोजणाऱ्या पेशी मात्र थेट मस्तिष्कस्तंभातच आहेत.

एरवी तोंड मिटलेलं असतानाही वरच्या-खालच्या दातांत 2 ते 4 मिलिमीटर फट राहते. ही स्नायूंची विश्रांती. एकाग्रतेत, तणावात किंवा झोपेत दात आवळले जातात तेव्हा ती मिळत नाही. मग सकाळी जबडा अवघडतो, कानशिलं ठणकतात, दात झिजतात. असं वारंवार होत असेल तर दंतवैद्यांना दाखवावं आणि दिवसा काम करताना दात टेकलेले आढळले तर ओठ मिटलेले ठेवून ते अलग करावेत.