पाचर-जोड (टोपीच्या रिव्हॉल्व्हरमधील)

टोपीवर (स्फोटक भरलेल्या धातूच्या छोट्या टोपणावर) घोडा आपटून बार उडणाऱ्या कोल्ट पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळी आणि सांगाडा एकमेकांना धरून ठेवणारी, आडवी ठोकलेल्या पाचरीची जोडणी. सॅम्युएल कोल्ट याला अमेरिकेत 1836 मध्ये रिव्हॉल्व्हरचे पेटंट मिळाले. त्याच्या 1851 च्या ‘नेव्ही’ आणि 1860 च्या ‘आर्मी’ या नमुन्यांत सिलिंडरच्या (गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या) वरून जाणारी पट्टी नाही, त्यामुळे सांगाडा वरून उघडाच राहतो. सांगाड्यात पक्का बसवलेला आस सिलिंडरमधून पुढे येऊन नळीच्या बुडातील भोकात शिरतो, खाली दोन बारीक खुंट्या नळीला वळू देत नाहीत आणि पाचर सगळे आवळून धरते. रेमिंग्टन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या बंद सांगाड्यात नळी आट्यांनी बसते, म्हणून तेथे अशी पाचर लागतच नाही.

या रिव्हॉल्व्हरच्या आजच्या बहुतेक प्रतिकृती इटलीतील ब्रेशिया प्रांतात, मुख्यतः गार्दोने व्हाल त्रोम्पिया व त्याच्या परिसरात तयार होतात. त्यांतील काहींत आस किंचित आखूड असतो आणि त्याचे टोक भोकाच्या तळाला टेकत नाही. खरी खोड इथेच आहे. टेकायला तळ नसल्याने नळीला फक्त खालच्या बाजूचा आधार उरतो. पाचर जितकी ठोकावी तितका नळीचा वरचा भाग मागे ओढला जातो, तोंड वर उचलले जाते आणि नळी व सिलिंडर यांमधील साधारण 0.05 ते 0.15 मिलिमीटरची फट वरून मिटत जाते. मग बंदुकीच्या काळ्या दारूची थोडी काजळी धरली, तरी सिलिंडर अडते. ओळखण्याची रीत सोपी आहे : सिलिंडर काढून नळी आसावर आडवी फिरवून पूर्ण आत सरकवावी, तिच्या बुडाची मागची कड सांगाड्याच्या पुढच्या कडेमागे गेली, तर आस आखूड आहे. उपाय म्हणजे भोकाच्या तळाशी मापाची पोलादी चकती घालणे. पाचर आणखी ठोकणे हा उपाय नव्हे.

विदर्भातील खेड्यात ही गोष्ट वखराच्या उदाहरणाने चटकन समजते. दांडीचे टोक खोडाच्या भोकात पुरते बसले नसेल, तर बाभळीची पाचर मारून ते बांधावर घट्ट वाटते आणि पहिल्याच ढेकळाला डुगडुगते. जाणता सुतार म्हणूनच पाचर हाती घेण्याआधी भोकाचा तळ चाचपतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र गडचिरोलीकडच्या जंगलातील गावांना ओळखीची आहे ती लांब नळीची, तोंडाने भरायची ‘भरमार’. पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची तरतूद शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये आहे. टोपीचे रिव्हॉल्व्हर त्या सवलतीत बसत नाही. चालणारी प्रतिकृती झाली, तरी ती अग्निशस्त्रच असते आणि तिला परवाना लागतो.