सेन्सरला शेवाळ धरतं तेव्हा

प्रयोगशाळेतल्या टाकीत महिनोन्महिने बिनचूक चालणारा सेन्सर समुद्रात सोडला की काही आठवड्यांतच त्याचे आकडे भरकटू लागतात. सर्किट शाबूत असतं, बॅटरीही ठणठणीत. वर काढून बोट फिरवलं की कारण हाताला लागतं: बुळबुळीत थर.

हा थर चढायला फार वेळ लागत नाही. कोरा पृष्ठभाग पाण्यात बुडाला की काही मिनिटांतच प्रथिनं आणि शर्करा त्याला चिकटतात, काही तासांत जीवाणू येतात. मागोमाग डायटम म्हणजे एकपेशी सूक्ष्म शैवालं, आणि शेवाळ. मग खडकांना, जहाजांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या कवचधारी जीवाच्या अळ्या. त्या एकदा डोक्याकडून चिकटल्या की जन्मभराचं बिऱ्हाडच.

विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा प्रकाशीय सेन्सर घ्या. त्याच्या टोकावर रंगद्रव्याचा पातळ पापुद्रा असतो. निळा प्रकाश पडला की तो तांबडा चमकतो आणि ऑक्सिजनचे रेणू ती चमक विझवतात. चमक जितकी लवकर विझेल तितका ऑक्सिजन जास्त. आता या पापुद्र्यावर शेवाळ धरलं तर? दिवसा ते ऑक्सिजन सोडतं. रात्री ते आणि जीवाणू मिळून तो फस्त करतात. आलेखावर दिवस-रात्रीची झोकदार लाट उमटते आणि पाहणारा हरखतो. सेन्सर बिचारा खरंच बोलत असतो, पण स्वतःच्या अंगावरच्या मिलिमीटरभर समुद्राबद्दल.

जुना उपाय विषाचा. ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचं विषारी संयुग घातलेला रंग जहाजांच्या बुडाला लावत. सत्तरच्या दशकात फ्रान्समधल्या आर्काशाँच्या उपसागरात कालवांची शिंपलं वेडीवाकडी जाड होऊ लागली, पिल्लं जगेनात, तेव्हा त्याची किंमत कळली. जहाजांवर असे रंग वापरायला बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला.

मग नजर शार्ककडे वळली. फ्लोरिडा विद्यापीठाच्या अँथनी ब्रेनन यांनी शार्कच्या कातडीवरून सुमारे २ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) रुंदीच्या कंगोऱ्यांची नक्षी सिलिकॉनवर उतरवली. प्रयोगात उल्वा शेवाळाचे बीजाणू तिच्यावर सपाट पृष्ठभागापेक्षा सुमारे ८६ टक्के कमी बसले. पण बीजाणूला अडवणारा कंगोरा अर्ध्या मिलिमीटरच्या बार्नॅकल-अळीला अडवेलच असं नाही. नक्षीचं माप येणाऱ्या पाहुण्यावर ठरतं. नुसतं गुळगुळीत सिलिकॉन जहाजांना चालतं, कारण वेगात पाणीच घाण ओढून नेतं. एका जागी टांगलेल्या सेन्सरला ते भाग्य कुठलं! म्हणून तिथे तांब्याची जाळी, पुसणारे ब्रश किंवा काचेवर अतिनील प्रकाश टाकणारे एलईडी लावतात. ब्रश आणि एलईडी आधीच मोजकी असलेली बॅटरी खातात, ते वेगळंच.

जगभरच्या महासागरांत तरंगणारे सुमारे ४,००० आर्गो फ्लोट, म्हणजे पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजणारी स्वयंचलित यंत्रं, बहुतेक काळ १,००० मीटर खोलीवरच्या अंधारात काढतात आणि साधारण दहा दिवसांनी वर डोकावतात, त्यामुळे त्यांच्यावर शेवाळ कमी धरतं. तरीही त्यांच्यातल्या क्षारता मोजणाऱ्या नळीच्या तोंडाशी बहुधा एक छोटी विषारी वडी बसवलेली असते. त्या वडीतलं विष तेच, ट्रायब्युटिल टिन.