टाकीत टीसीएल टाकण्याआधी

नमस्कार. आम्ही मुंबईत इमारतींच्या पाण्याच्या टाक्या धुतो आणि घरगुती फिल्टरची देखभाल करतो. पावसाळा लागला की एक प्रश्न हमखास येतो: नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतोय, प्यावं का? जरूर प्यावं. तो क्लोरीनचा वास. भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी मैलोन्‌मैल पाइपांतून येतं, त्या वाटेवर जंतूंना क्लोरीनच आवरतो.

काळजी घ्यायची ती पुढच्या गोष्टीची. तुळशी, विहार, तानसा हे आपले तलाव जंगलातले. कुजलेल्या पानांचा अंश पाण्यात उतरतो आणि शुद्धीकरणानंतरही थोडा उरतो. क्लोरीनची त्याच्याशी गाठ पडली की ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगं तयार होतात. क्लोरोफॉर्म त्यांतलंच एक. १९७४ साली नेदरलँड्समध्ये योहानेस रूक यांनी हे दाखवून दिलं. असं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्यांमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण थोडं जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलं; कारण हेच, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आपल्या आयएस १०५०० या भारतीय मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. पण या भीतीने क्लोरीनच नको म्हणणं म्हणजे कावीळ आणि टायफॉइडला दार उघडून देणं.

मागच्या जूनमध्ये एका सोसायटीच्या गच्चीवरची टाकी उघडली. तळाला चार बोटं गाळ, हाताला बुळबुळीत लागणारा. त्यावर आदल्या रात्री कुणीतरी वाटीभर टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, ओतलेली, तिचे पांढरे गोळे तसेच पडलेले. अशाने दुहेरी नुकसान होतं. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो, जंतू तगतात आणि नको ती संयुगं मात्र वाढतात. उन्हात तापलेल्या टाकीत तर हे आणखी झपाट्याने होतं. म्हणून आधी गाळ उपसा, टाकी घासा, मगच टीसीएल, तीही मोजून. मूठ-वाटीचा अंदाज नको.

घरात? यूव्ही दिवा जंतू मारतो, ही संयुगं काढत नाही. ते काम फिल्टरमधल्या कार्बनचं. भांड्यावर झाकण न ठेवता, खिडकी उघडी ठेवून पाणी खळखळ उकळलं तर क्लोरोफॉर्म बराचसा उडून जातो.

आता आमच्या धंद्यात फारसं कुणी सांगत नाही ते सांगतो. फिल्टरच्या पाण्याला वास येत नाही म्हणजे कार्बन चांगला आहे, असं नसतं. क्लोरोफॉर्म धरून ठेवण्याची त्याची ताकद आधी संपते. क्लोरीनचा वास तो त्यानंतरही बरेच दिवस घालवत राहतो. त्यामुळे वासावर जाऊ नका, तारखेवर जा. कार्बन बदलायची तारीख आम्ही फिल्टरवर चिकटवतो. ती उलटून गेली असेल तर आमच्या फेरीची वाट न बघता फोन करा.

आणि फिल्टरच्या पाण्यात क्लोरीन उरलेला नसतो, तेव्हा ते माठात दोन-दोन दिवस साठवू नका. माठ रोज रिकामा करून धुवा.