कलम ५ ची हमी आणि कुंपणाबाहेरचे देश

१० सप्टेंबर २०२५ च्या पहाटे रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले. नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीच्या लढाऊ विमानांनी त्यातले काही पाडले आणि सदस्य असलेल्या पोलंडने नाटो कराराच्या कलम ४ चा आधार घेतला. या कलमाखाली सदस्य देश एकत्र बसून विचारविनिमय करतात. मग एकावरचा हल्ला सर्वांवरचा मानणारे कलम ५ थेट का नाही, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांना पडला. ते कलम मुळात कसे तयार झाले हे पाहिले की नाटोची सावध पावले समजू लागतात.

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी करारावर सह्या केल्या. त्याआधी याच कलमावरून बरीच ओढाताण झाली होती. पश्चिम युरोपला पक्की हमी हवी होती : हल्ला झाला की अमेरिका आपोआप युद्धात उतरणार. पण अमेरिकी राज्यघटनेनुसार युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, त्यामुळे तिच्या वरिष्ठ सभागृहाला, सिनेटला, हे मान्य होण्यासारखे नव्हते. तडजोड अशी निघाली की एकावरचा हल्ला सर्वांवरचा मानायचा, मात्र मदत कोणती करायची हे ज्याने त्याने ठरवायचे. आजवर हे कलम एकदाच लागू झाले, तेही ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेसाठी.

सोव्हिएत रणगाडे १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये आणि १९६८ मध्ये प्रागमध्ये घुसले, तेव्हा नाटोने निषेधापलीकडे काही केले नाही. हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया हे दोन्ही देश कुंपणाबाहेरचे, म्हणजे नाटोचे सदस्य नसलेले होते. कुंपणाच्या आतही प्रत्येक हल्ल्याला अण्वस्त्रांनी उत्तर देण्याची १९५० च्या दशकातली भाषा पुढे कुणालाच खरी वाटेना. म्हणून १९६७ मध्ये हल्ल्याच्या तीव्रतेनुसार टप्प्याटप्प्याने प्रत्युत्तर देण्याचे धोरण स्वीकारले गेले.

माझ्या मते सर्वांत महागात पडला तो एप्रिल २००८ च्या बुखारेस्टमधल्या नाटो परिषदेचा निर्णय. जॉर्जिया आणि युक्रेनला सदस्यत्वाच्या पूर्वतयारीचा आराखडा द्यावा, असा आग्रह अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांचा होता. जर्मनी आणि फ्रान्स त्याला राजी नव्हते. मग घोषणापत्रात लिहिले गेले की हे देश सदस्य होतील, पण कधी ते सांगितले नाही आणि आराखडाही दिला नाही. मॉस्कोला डिवचण्याइतके हे आश्वासन मोठे होते, पण जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी किंवा युक्रेनची राजधानी कीव्हच्या रक्षणासाठी त्याचा काहीच उपयोग नव्हता. चारच महिन्यांत रशियन फौजा जॉर्जियात शिरल्या. नाटोने रशियासोबतच्या औपचारिक बैठका थांबवल्या आणि वर्षभरात त्या पुन्हा सुरूही केल्या.

२०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया गिळंकृत केल्यावर मात्र हालचाल दिसली. एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया आणि पोलंडमध्ये प्रत्येकी एक बहुराष्ट्रीय तुकडी ठेवायचे २०१६ मध्ये वॉर्सातल्या नाटो परिषदेत ठरले. प्रत्येक तुकडीत साधारण हजारभर सैनिक. एवढ्यांनी मोठे आक्रमण थोपवता येणार नव्हते, पण हल्ला करणाऱ्याला पहिल्याच दिवशी अनेक देशांच्या सैनिकांशी लढावे लागले असते.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर पूर्ण आक्रमण केल्यानंतरही रेष तीच राहिली. युक्रेनच्या आकाशात विमानबंदी लागू करायची तर रशियन विमाने पाडावी लागली असती, म्हणून नाटोने ती मागणी नाकारली. सदस्य देशांनी शस्त्रे दिली, निर्बंध लादले, पूर्व सीमेवर फौज वाढवली. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये कुंपणाच्या आत आले. त्याच वर्षी जुलैच्या वॉशिंग्टन परिषदेने युक्रेनची सदस्यत्वाकडची वाटचाल आता मागे फिरणार नाही, असे जाहीर केले. तारीख तेव्हाही दिली नाही.