मांजरांचे लसीकरण (कोकण किनारपट्टी)

पाळीव मांजराला संसर्गजन्य रोगांपासून वाचवण्यासाठी पिल्लूपणापासून म्हातारपणापर्यंत ठरावीक अंतराने लसी टोचण्याची पद्धत. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात भाताच्या कणगीभोवतीच्या उंदरांसाठी घरोघरी मांजर असते, पण ते दिवसभर वाडीत आणि बंदरावर हिंडते. चार घरी जेवणाऱ्या मांजराचा पुढचा डोस लक्षात ठेवणारे मात्र कोणी नसते, आणि इथे लसीकरण बहुधा तिथेच अर्धवट राहते.

मुख्य लस तिहेरी असते. हर्पिस व कॅलिसी या विषाणूंमुळे शिंका, डोळ्यांची चिपडे, तोंडातले व्रण होतात. तिसरा रोग पॅनल्यूकोपेनिया सर्वांत घातक. त्यात पांढऱ्या पेशी घटतात, उलट्या-जुलाब होतात आणि पिल्लू काही दिवसांतच दगावू शकते. हा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो. म्हणून अशा घरात नवे पिल्लू लस पूर्ण झाल्याशिवाय आणूच नये.

पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांचे असताना, मग दर ३-४ आठवड्यांनी, किमान १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. एकाच सुईवर भागत नाही, कारण आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे लसीलाही निष्प्रभ करतात आणि ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. शेवटचा डोस चुकला तर आधीचे वायाही जाऊ शकतात. पुढचा डोस ६ महिने ते १ वर्षाच्या दरम्यान, नंतर मांजराच्या वावरानुसार दर १ ते ३ वर्षांनी. लस न झालेल्या मोठ्या मांजराला ३-४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस देतात. गाभण मांजरीला जिवंत विषाणूची लस टाळतात, म्हणून शंका असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर, आणि भारतात सहसा दरवर्षी. भटक्या कुत्र्यांशी गाठ पडणाऱ्या मांजराला ती चुकवू नये.

लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाते, तेव्हा दवाखान्यात साठा कसा ठेवला आहे हे मोकळेपणाने विचारावे. गोठलेली रेबीजची लसही निकामी होते.

टोचल्यावर एक-दोन दिवस मांजर मलूल राहते. तोंड सुजणे, उलट्या, धाप ही धोक्याची लक्षणे लवकर दिसतात, म्हणून गावची एसटी धरण्याआधी अर्धा तास दवाखान्यातच थांबावे. लस झालेले मांजर चावले, तरी जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जावे.