ओन्नागाता मुद्राचित्रे

ओन्नागाता मुद्राचित्रे : जपानच्या काबुकी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटांची (ओन्नागाता) काष्ठठशांवरून छापलेली चित्रे. उकियो-ए (नागरी जीवन व रंजन रंगवणारी जपानी चित्रे) परंपरेतील नटचित्रांचा (याकुशा-ए) हा उपप्रकार असून सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतचा काळ त्याच्या भरभराटीचा मानला जातो. एदो (सध्याचे टोकिओ) हे त्याचे मुख्य केंद्र होते. ओसाका येथेही नटचित्रांची स्वतंत्र परंपरा होती.

काबुकीचा आरंभ इझुमो नो ओकुनी हिच्या क्योटो येथील नृत्यप्रयोगांपासून (सु. १६०३) धरतात. स्त्रियांना रंगमंचावर मनाई झाल्याचे वर्ष सामान्यतः १६२९ असे देतात. मात्र ही मनाई त्यानंतरही पुन्हा जारी करावी लागली असल्याने ती एका हुकमाने नव्हे, तर टप्प्याटप्प्याने अंमलात आली असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. १६५२ मध्ये किशोर नटांच्या काबुकीवरही बंदी आली आणि नटांना कपाळावरील केस भादरणे भाग पडले. स्त्रीभूमिका करताना हा भादरलेला भाग झाकण्यासाठी जांभळे रेशमी वस्त्र (मुरासाकी बोशी) वापरात आले.

मुद्राचित्रांच्या अभ्यासात या वस्त्राला फार महत्त्व आहे. सुंदर स्त्रियांची चित्रे (बिजिन-गा) आणि ओन्नागाताची चित्रे यांत वेशभूषा, केशरचना व देहाची वळणे पुष्कळदा सारखीच असतात. अशा वेळी कपाळावरील जांभळा पट्टा आणि बाहीवरील नटाचे कुलचिन्ह यांवरूनच चित्रविषय ठरवावा लागतो. पुढे पूर्ण टोप रूढ झाल्यावरही चित्रकारांनी हा पट्टा सोडला नाही. अठराव्या शतकातील जांभळा रंग अनेकदा विटणाऱ्या वनस्पतिजन्य निळ्या व तांबड्या रंगांच्या मिश्रणाचा असे. त्यामुळे आज पट्टा करडा वा तपकिरी दिसला, तरी तो मुळात जांभळा नव्हता असा निष्कर्ष काढू नये.

तोरी कियोनोबु (१६६४–१७२९) व त्याच्या संप्रदायाच्या चित्रांत चेहरा ठरावीक साच्याचा असून नट ओळखू येतो तो कुलचिन्हावरून किंवा छापलेल्या नावावरून. बहुरंगी मुद्रण १७६५ च्या सुमारास स्थिरावल्यानंतर कात्सुकावा शुन्शो आणि इप्पित्सुसाई बुन्चो यांनी प्रत्यक्ष चेहऱ्याचे साम्य (निगाओ) साधले. त्यांच्या पंख्याच्या आकारातील नटचित्रांचा संग्रह १७७० मध्ये निघाला. हेच या प्रकारातील खरे वळण होय, कारण येथून पुढे प्रेक्षकाला स्त्रीपात्र आणि त्याआडचा विशिष्ट पुरुष हे दोन्ही एकाच वेळी दिसू लागले.

तोशुसाई शाराकु याने १७९४–९५ मधील जेमतेम दहा महिन्यांत हे दुहेरीपण टोकाला नेले. प्रकाशक त्सुताया जुझाबुरो याच्यासाठी केलेल्या, अभ्रकाच्या चकाकत्या पार्श्वभूमीवरील अर्धचित्रांत दुसरा सेगावा तोमिसाबुरो (हे नाव धारण करणारा दुसरा नट) याचा हाडकुळा चेहरा आणि चौथा इवाई हान्शिरो याचा गोल, भरलेला चेहरा यांपैकी काहीही सौम्य केलेले नाही. शाराकु कोण, याविषयी दीर्घ वाद आहे. आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरी असलेला, नो या जपानी अभिजात नाट्यप्रकारातील नट साइतो जुरोबेई हाच शाराकु, ही १८४४ मधील नोंद त्या नटाच्या अस्तित्वाचे कागदोपत्री पुरावे मिळाल्यापासून बहुतेक अभ्यासक ग्राह्य धरतात. इतर नामांकित चित्रकारांची नावे सुचवणारी मते त्यामानाने अनुमानावर आधारलेली आहेत. समकालीन पसंती मात्र उतागावा तोयोकुनीच्या अधिक डौलदार चित्रांना लाभली.

१८४२ मध्ये शोगुन शासनाच्या तेन्पो सुधारणांखाली नटचित्रांवर बंदी आली. काही वर्षांत ती शिथिल होऊन तोयोकुनीचा शिष्य कुनिसादा याच्या हाती हा प्रकार पुन्हा बहरला. विसाव्या शतकात नातोरी शुन्सेन याने प्रकाशक वातानाबे शोझाबुरो याच्यासाठी केलेल्या ३६ चित्रांच्या मालिकेत (१९२५–२९) योदोगिमीच्या भूमिकेतील पाचवा नाकामुरा उताएमोन आढळतो.